पाचही शर्यती जिंकून तिसरा: स्पीडवेचे जगज्जेतेपद कसे घडते

१९३६ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर स्पीडवे या मोटारसायकल शर्यतींच्या खेळाची पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने आपल्या वाट्याच्या पाचही शर्यती जिंकल्या. तरीही जगज्जेतेपद मिळाले ते त्याचाच देशबांधव लायनेल व्हॅन प्राग याला. बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या जादा शर्यतीत व्हॅन प्रागने इंग्लंडच्या एरिक लँग्टनला मागे टाकले, आणि एकही शर्यत न हरलेल्या विल्किन्सनला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आधीच्या पात्रता फेऱ्यांत कमावलेले बोनस गुण अंतिम रात्रीच्या गुणांत मिळवायचे, असे संयोजकांनी ठरवून ठेवले होते, आणि ती शिदोरी विल्किन्सनकडे कमी होती.

स्पीडवेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांविषयी लिहायला बसले की मला प्रथम ही रात्र आठवते. गुणांची मोजणी कशी करायची, कोणाला बोलवायचे, ट्रॅक कुठे अंथरायचा आणि तिकिटे कोणी विकायची, हे सारे निर्णय शर्यतीच्या कितीतरी आधी एखाद्या बैठकीत झालेले असतात, आणि विजेता ठरवण्यात त्यांचाही वाटा असतो. म्हणून या खेळाची आखणी मला स्वारांच्या कसबाइतकीच जिव्हाळ्याची वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार स्वार, चार चक्कर, डावीकडे वळत जाणारा मातीचा लंबगोल ट्रॅक. पाचशे सीसीचे, एकाच सिलिंडरचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. वळणावर मागचे चाक बाहेर घसरवत, पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला टेकवत स्वार गाडी आडवी करतात, आणि साधारण एका मिनिटात सारे संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. शर्यत इतकी छोटी असल्यामुळे सुटण्याच्या क्षणाला अतोनात महत्त्व येते. चौघे आडव्या फितींसमोर उभे राहतात, मनोऱ्यातला पंच बटण दाबतो, फिती वर उडतात. फितीला आधीच धक्का लावणारा त्या शर्यतीतून बाद होतो. आतल्या बाजूच्या गेटवरून, म्हणजे सुटण्याच्या ठरलेल्या जागेवरून, सुटणाऱ्याला एखाद्या रात्री मोठा फायदा असतो, तर दुसऱ्या रात्री बाहेरच्या बाजूला सैल माती साचली की तिथूनच वेग मिळतो.

सुरुवातीच्या जागेवर एवढे अवलंबून असेल तर स्पर्धा न्याय्य कशी ठेवायची? या प्रश्नाला स्पीडवेने शोधलेले उत्तर मला फार सुंदर वाटते. सोळा स्वार असतात आणि वीस हीट, म्हणजे चौघांच्या छोट्या शर्यती, होतात. प्रत्येक स्वार पाच वेळा धावतो आणि प्रत्येक हीटमध्ये त्याच्यासमोर तीन प्रतिस्पर्धी असतात. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा, आणि हे पंधरा जण म्हणजे उरलेले सगळे स्वार, प्रत्येक जण नेमका एकदाच. शिवाय वीस हीट चार-चारच्या पाच गटांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक गटात सगळे सोळा स्वार एकेकदा ट्रॅकवर येऊन जातात. चारही गेट प्रत्येकाच्या वाट्याला किमान एकदा येतात. कागद-पेन्सिल घेऊन असे कोष्टक स्वतः मांडून पाहावे. मी पाहिले आहे, आणि तिसऱ्या गटापर्यंत पोहोचताच कोणीतरी दोघे दुसऱ्यांदा समोरासमोर येत होते. गणितात या रचनेला रीतसर नाव आणि सिद्धता आहे, पण स्टेडियममधला प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक हीटचे गुण हाताने भरत जातो तेव्हा नकळत त्याच रचनेचा उपभोग घेत असतो. प्रेक्षकाच्या हाती पेन्सिल देणारा हा खेळ आहे आणि त्याच्या लोकप्रियतेत या कोष्टकाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

आता संयोजनाकडे वळू. जागतिक अजिंक्यपदाचा मालकी हक्क आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाकडे, म्हणजे एफआयएमकडे आहे. नियमावली, गाड्यांची तपासणी, ट्रॅकची मान्यता, पंच आणि पदके ही महासंघाची बाजू. पण महासंघ स्वतः तिकिटे विकत नाही आणि दूरचित्रवाणीशी सौदेही करत नाही. व्यापारी हक्क ठरावीक वर्षांच्या कराराने एका प्रमोटर कंपनीला दिले जातात. ती कंपनी वर्षाचे वेळापत्रक बांधते, प्रायोजक आणते, प्रक्षेपण करते, आणि एकेका फेरीसाठी स्थानिक यजमान शोधते. यजमान कधी एखादा क्लब असतो, कधी मोठे स्टेडियम, तर कधी शहराची पालिका या खर्चात उतरते. म्हणजे एकाच रात्रीमागे तीन हिशेबवह्या उघडलेल्या असतात, आणि तिन्ही एकमेकींशी जुळल्या तरच फिती वर उडतात.

प्रमोटर ही या खेळातली नवी आगंतुक जमात मुळीच नाही. १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे, कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर, ते प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे सचिव जॉनी हॉस्किन्स यांनी मोटारसायकलच्या शर्यती भरवल्या आणि स्पीडवेच्या लोकप्रियतेची सुरुवात अनेकदा तिथूनच सांगितली जाते. हॉस्किन्स पुढे इंग्लंडमध्ये गेले आणि प्रेक्षकांना रंजवण्याच्या आपल्या हौसेसाठी ओळखले गेले. स्पीडवेला जन्मापासूनच स्वाराइतकीच जाहिरात करणाऱ्या माणसाची गरज होती. रस्त्यावरच्या मोटारसायकलींशी या गाड्यांचे फारसे साम्य नाही, त्यामुळे वाहन कंपन्यांचा मोठा पैसा या खेळाकडे कधी वळला नाही. जे काही उभे राहिले ते दारावर जमलेल्या प्रेक्षकांच्या तिकिटावर.

बराच काळ जगज्जेता एकाच रात्री ठरत असे. देशांतर्गत आणि खंडीय पात्रता फेऱ्यांची चाळण लावून उन्हाळ्याच्या अखेरीस सोळा जण उरायचे आणि वीस हीटमध्ये निकाल लागायचा. १९६१ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात अंतिम स्पर्धा झाली तोवर हा मान कायम वेम्बलीकडे होता. त्या एका रात्रीत विलक्षण नाट्य असे. १९७३ मध्ये पोलंडच्या खोझुव येथील सायलेशियन स्टेडियमवर लाखाहून अधिक लोक जमले होते. तेव्हाच्या महान स्वारांपैकी एक असलेला न्यूझीलंडचा इव्हान मॉगर आणि घरच्या प्रेक्षकांसमोर धावणारा येर्झी श्चाकियेल यांची गुणांत बरोबरी झाली. निर्णायक शर्यतीत श्चाकियेल पुढे सुटला, त्याला गाठण्याच्या प्रयत्नात मॉगर पडला, आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. श्चाकियेलला जागतिक वैयक्तिक स्पर्धेत तशी उंची पुन्हा गाठता आली नाही. मॉगरने मात्र एकूण सहा विजेतेपदे मिळवली.

एका रात्रीच्या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही या उदाहरणात आहेत. इंजिन बिघडले, पाऊस आला, एखाद्या वळणावर चाक निसटले, तर वर्षाची मेहनत वाया जात असे. प्रक्षेपण करणाऱ्यांना आणि प्रायोजकांना तर एका रात्रीसाठी वर्षभराचा करार करणे परवडणारे नव्हते. १९९४ मध्ये डेन्मार्कच्या वोयेन्स येथे स्वीडनचा टोनी रिकार्डसन जिंकला आणि ही परंपरा थांबली. १९९५ पासून स्पीडवे ग्रांप्री मालिका सुरू झाली. पहिली फेरी पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात झाली आणि सहा फेऱ्यांअंती डेन्मार्कचा हान्स निल्सन विजेता ठरला. या नव्या मालिकेच्या उभारणीत तीन वेळा जगज्जेते झालेले डेन्मार्कचे ओले ओल्सेन अग्रभागी होते. वोयेन्सचे स्टेडियमही त्यांनीच उभारलेले. एका रात्रीची ती थरारक अनिश्चितता गेली याचे मला वाईट वाटते, पण संपूर्ण हंगामातला सर्वोत्तम स्वार निवडायचा असेल तर मालिकाच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मालिकेचे व्यापारी रूप पालटले ते नव्या शतकाच्या सुरुवातीला, बीएसआय या ब्रिटिश कंपनीकडे हक्क आल्यावर. स्पीडवेची पारंपरिक स्टेडियमे शहराच्या कडेला, छोटी आणि बहुधा जुनी. बीएसआयने हा खेळ शहरांच्या मध्यभागी असलेल्या भव्य फुटबॉल आणि रग्बी स्टेडियमांत नेण्याचा आग्रह धरला. २००१ मध्ये वेल्सच्या कार्डिफमधील मिलेनियम स्टेडियमवर पहिली फेरी झाली आणि पुढे ती ब्रिटिश चाहत्यांची वर्षाची जत्राच बनली. पुढे बीएसआय आयएमजी या मोठ्या क्रीडा-व्यवस्थापन समूहात सामील झाली, आणि २०२२ च्या हंगामापासून प्रमोटर म्हणून डिस्कव्हरी स्पोर्ट्स इव्हेंट्स आली. दरम्यान ऑकलंड आणि मेलबर्नपर्यंत फेऱ्या नेण्याचेही प्रयत्न झाले, पण गाड्या, सुटे भाग आणि मेकॅनिक एवढ्या लांब न्यायचा खर्च या खेळाला पेलणारा नव्हता.

मोठ्या स्टेडियममध्ये मातीचा ट्रॅक नसतो, तो आणावा लागतो, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवसायाचा जीव तिथे अडकलेला आहे. हिरवळ झाकून घ्यायची, तिच्यावर संरक्षक थर अंथरायचे, मग ट्रकांच्या रांगांतून हजारो टन खडीमिश्रित माती आत आणायची, ती थराथराने पसरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, वळणांना हवा तो उतार द्यायचा, आणि भोवती हवा भरलेले सुरक्षा-कुंपण उभारायचे. हे सारे मोजक्या दिवसांत. कायमस्वरूपी ट्रॅकची माती वर्षानुवर्षे दबून एकजीव झालेली असते. या तात्पुरत्या मातीला ती सवड मिळत नाही. छत असलेल्या स्टेडियममध्ये ऊन-वारा नसल्याने ओलावा लवकर उडत नाही. माती जास्त ओली राहिली तर चाकाखाली खळगे पडतात, फार कोरडी झाली तर धूळ उडते आणि पकड जाते. ताशी साठ-सत्तर मैल वेगाने ब्रेकशिवाय वळणारा स्वार अशा खळग्यात सापडला तर काय होईल, हे सांगायला नको.

२००८ मध्ये जर्मनीच्या गेल्सेनकिर्शेन येथील बंदिस्त स्टेडियमवर हंगामाची अखेरची फेरी ठरली होती. ट्रॅक शर्यतीयोग्य झालाच नाही, फेरी रद्द झाली, आणि आठवड्याभराने पोलंडमधील बिदगोश्च या जुन्या, भरवशाच्या ट्रॅकवर ती उरकण्यात आली. त्याहून बोचरा प्रसंग एप्रिल २०१५ मधला. वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर पहिल्यांदाच ग्रांप्री होणार होती आणि २०१० चा जगज्जेता टोमाश गोल्लोब याच्या निरोपाची रात्र म्हणून तिची जाहिरात झाली होती. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सुरुवातीच्या फितींची यंत्रणा बिघडली, ट्रॅक हीटगणिक फाटत गेला, स्वारांनी पुढे धावण्यास नकार दिला, आणि बारा हीटनंतर स्पर्धा थांबवावी लागली. तोवरच्या गुणांवर स्लोव्हेनियाचा मातेय झागार विजेता घोषित झाला. जाहिरातीच्या बाजूने त्या रात्री काहीच उणे नव्हते. उणी होती ती फक्त माती. पुढच्याच वर्षी ग्रांप्री त्याच स्टेडियमवर परतली आणि नंतरही होत राहिली, याचे श्रेय ट्रॅक बांधणाऱ्यांना द्यायला हवे. त्यांची नावे कोणत्याही फलकावर झळकत नाहीत, पण प्रमोटरच्या ताळेबंदात सर्वांत मोलाची माणसे तीच, असे मला मनापासून वाटते.

पोलंडचा उल्लेख वारंवार येतो आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. पोलंडची एक्स्त्रालिगा ही जगातली सर्वांत श्रीमंत स्पीडवे लीग आहे. नामांकित स्वारांचे घर प्रामुख्याने लीगच्या करारांवर चालते; ग्रांप्रीचे बक्षीस त्या मानाने तुटपुंजे, आणि जगज्जेतेपदाचा खरा आर्थिक लाभ म्हणजे पुढच्या करारात वाढलेली किंमत. एकच स्वार पोलंड, स्वीडन आणि ब्रिटन अशा दोन-तीन देशांच्या क्लबांकडून एकाच हंगामात धावतो, आठवड्याचे वेगवेगळे वार वेगवेगळ्या देशांनी वाटून घेतलेले असतात, आणि ग्रांप्रीसाठी मुख्यतः शनिवार राखलेला असतो. जागतिक मालिकेच्या प्रमोटरला स्वार कधी मिळतील हे अशा रीतीने लीगच्या वेळापत्रकावर ठरते. २०२० मध्ये साथीमुळे जगभरचे क्रीडांगण बंद असताना आठ फेऱ्यांची मालिका चार ठिकाणी, प्रत्येकी दोन फेऱ्या घेऊन पार पडली. त्यांतली तीन ठिकाणे पोलंडमधली आणि एक प्राग. अडचणीच्या वर्षी खेळ तगला तो पोलंडच्या जोरावर. पण एका देशाच्या प्रेमावर उभे असलेले जागतिक अजिंक्यपद हळूहळू त्या देशाचे घरगुती कार्य होऊन बसण्याची भीतीही खरी आहे, आणि नव्या देशांत फेरी नेऊन तोटा सोसण्याची तयारी असलेला प्रमोटर म्हणूनच आवश्यक आहे.

स्वारांची निवड हा कायम वादाचा विषय. मागच्या हंगामातले आघाडीचे काही जण आपोआप पात्र ठरतात, काही ग्रांप्री चॅलेंज या पात्रता स्पर्धेतून येतात, युरोपीय अजिंक्यपदाच्या विजेत्याला जागा मिळते, आणि उरलेल्या जागा मालिकेचा आयोग नामनिर्देशनाने भरतो. यजमान देशाचा एक स्वार त्या रात्रीपुरता विशेष प्रवेश घेऊन येतो. नामनिर्देशनात देशांचा समतोल आणि तिकीटविक्री यांचा विचार होतो हे उघड आहे. केवळ गुणवत्ता पाहिली तर हे पटत नाही. पण एखाद्या देशाचा एकही स्वार मालिकेत नसेल तर तिथले प्रेक्षक आणि प्रक्षेपणकर्ते पाठ फिरवतात, हेही नाकारता येत नाही. मला स्वतःला पात्रता स्पर्धेतून येणाऱ्या जागा वाढलेल्या आवडतील. २०२२ मध्ये तर निवडीचा प्रश्न मैदानाबाहेर गेला: युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन स्वारांवर बंदी आली आणि २०२१ चा जगज्जेता आर्टेम लागुता याला आपले विजेतेपद राखण्यासाठी उतरताच आले नाही.

प्रमोटरच्या अटी किती काटेकोर असू शकतात याचे उदाहरण २०२३ मध्ये वोयेन्सला दिसले. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक गुणतक्त्यात आघाडीवर होता आणि विजेतेपद जवळपास हातात होते. पात्रता सत्रात, जिथे वेगानुसार स्वारांना आपला कोष्टकातला क्रमांक निवडता येतो, तो मालिकेसाठी मान्य असलेल्या पोशाखाऐवजी दुसराच पोशाख घालून ट्रॅकवर आला. नियमानुसार त्याला संपूर्ण फेरीतून बाद करण्यात आले. त्या पोशाखामुळे गाडीचा वेग तसूभरही वाढला नसता. तो नियम मालिकेच्या आणि प्रायोजकांच्या एकसंध दर्शनासाठी आहे. झ्मार्झलिकने दोन आठवड्यांनी तोरून येथे अखेरच्या फेरीत विजेतेपद मिळवले, म्हणून प्रकरण निभावले. दंड, गुणकपात, ताकीद असे पर्याय असताना प्रेक्षकांनी पैसे मोजून ज्याला पाहायला यायचे त्यालाच घरी पाठवणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

वैयक्तिक मालिकेच्या आसपास इतर स्पर्धांचे कुटुंब आहे. राष्ट्रसंघांचा विश्वचषक १९६० पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आला. २०१८ मध्ये त्याची जागा जोड्यांच्या स्पीडवे ऑफ नेशन्सने घेतली आणि २०२३ मध्ये विश्वचषक व्रोत्सवाफला परतला. एकवीस वर्षांखालील स्वारांची एसजीपी २ (एसजीपी म्हणजे स्पीडवे ग्रांप्री) आणि त्याहून लहान मुलांसाठी कमी ताकदीच्या इंजिनांच्या स्पर्धा सुरू केल्यामुळे मुलांना शिखरापर्यंतची पायरी दिसू लागली आहे.

गुण मोजण्याची पद्धत मात्र अजूनही स्थिरावलेली नाही. आधी अनेक वर्षे प्रत्येक हीटमधले गुणच अजिंक्यपदाच्या तक्त्यात जमा होत, त्यामुळे अंतिम शर्यत जिंकणाऱ्यापेक्षा चौथ्या आलेल्याला त्या रात्री जास्त गुण मिळाल्याचेही दिसे. २०२० पासून फेरीतल्या क्रमांकानुसार विजेत्याला २०, मग १८, १६, १४ असे सोळाव्याला १ पर्यंत गुण मिळू लागले. २०२५ मध्ये हीटनंतर होणाऱ्या उपांत्य शर्यती बंद झाल्या. वीस हीटनंतरचे पहिले दोघे थेट अंतिम शर्यतीत जातात आणि पुढचे आठ जण दोन निर्वाणीच्या शर्यतींतून उरलेल्या दोन जागांसाठी झुंजतात. काही फेऱ्यांच्या पात्रता सत्राला जोडून सर्वांत वेगवान चौघांची एक छोटी शर्यत होते, आणि तिचे ४, ३, २, १ असे गुणही अजिंक्यपदात धरले जातात. मुख्य रात्रीबाहेर कमावलेले गुण, १९३६ सारखेच.

२०२५ चा निकाल पुन्हा वोयेन्सलाच लागला. ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कुर्ट्झ आधीच्या सलग चार फेऱ्या जिंकून आला होता. पाचवीही त्याने जिंकली. अंतिम शर्यतीत त्याच्यामागून दुसरा आलेल्या झ्मार्झलिकने तक्त्यात एका गुणाची आघाडी राखली आणि मॉगर व रिकार्डसन यांच्या सहा विजेतेपदांची बरोबरी साधली. सलग पाच फेऱ्या जिंकलेला कुर्ट्झ त्या रात्री विजेता होता, पण जगज्जेता नव्हता. तक्त्यातले त्याचे नाव पाहताना मला विल्किन्सन आठवला.